आवाज-परीक्षेची वही

प्राध्यापकबाईंनी तीस वर्षं एकच प्रश्न लावून धरला होता: शाळेत गाणं कुणाला शिकवायचं, हे ठरवतं कोण? याच प्रश्नावर त्यांची डॉक्टरेट झाली, बढत्या झाल्या, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर पुस्तक निघत होतं. पुस्तक त्यांच्या स्वतःच्या आठवणीने सुरू होत होतं. आठ वर्षांची पोर आवाज-परीक्षेला उभी राहते, पियानोची एक पट्टी अडकते, मास्तर ती पेन्सिलीने उचलतात, आणि पोर न डगमगता गात राहते. हा किस्सा प्रत्येक व्याख्यानात टाळ्या घेऊन जाई.

पुस्तक उद्या छापायला जायचं होतं. जोडीला पुरावा असावा म्हणून बाई आपल्या जुन्या शाळेत त्या वर्षाची वही बघायला आल्या. हेडक्लार्क त्यांचीच वर्गमैत्रीण, लहानपणची बुटकी. अजूनही बुटकीच होती ती. स्टुलावर चढून तिने वही काढली, धूळ झटकली आणि टेबलावर ठेवली.

रकाने चार: नाव, वडिलांचं काम, आवाज, निकाल. बाईंच्या नावापुढे डॉक्टर, सुरेल, पास. बुटकीच्या नावापुढे इस्त्रीकाम, आवाज जाड, फक्त ओठ हलवावेत. नापासांना त्या काळी रांगेतून काढत नसत. मागे उभं करून नुसते ओठ हलवायला लावत, म्हणजे पालकांना रांग भरलेली दिसे. मास्तरांनी गळ्याआधी बापाचा धंदा पाहिला होता, हे उघड होतं. बाईंना वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, पुरावा सापडल्याचा आनंद जास्त झाला.

मग सवयीने त्यांनी हजेरीपट मागितला. एका वहीवर विसंबू नका, दुसरी जुळली तरच लिहा, असं विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडण्यात त्यांचा जन्म गेला होता. परीक्षेच्या तारखेला त्यांच्या नावापुढे गैरहजर होतं. आदल्या दिवशीही तेच, आणि पुढचा अख्खा आठवडाही.

त्यांनी चष्मा पुसला. तारीख तीनदा ताडून पाहिली. काहीतरी चुकलंय, असं त्या पुटपुटल्या.

"चुकलं नाहीये," बुटकी म्हणाली. "गोवर आला होता तुला."

अभ्यास द्यायला आपणच घरी आलो होतो, असं तिने सांगितलं. आत येऊ देत नव्हते, म्हणून दारातूनच परीक्षेची सगळी गंमत सांगितली. पट्टी कशी अडकली, तरी आपण कसं गात राहिलो. गाणंही म्हणून दाखवलं, आणि बाईंनी हट्ट केला म्हणून परत एकदा.

खिडकीतलं ऊन, मास्तरांचं बोट, ती पट्टी, सगळं डोळ्यांसमोर लख्ख होतं, आणि त्यातलं काहीच बाईंचं नव्हतं. गायलेली मुलगी नापास झाली होती. पास झालेली अंथरुणात पडून होती.

"आणि ती पेन्सिल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"माझी. मास्तरांनी परत दिलीच नाही."

"माझी व्याख्यानं ऐकलीस ना तू? मग बोलली का नाहीस?"

"दोनदा आले होते. छान सांगतेस. म्हटलं, कुणीतरी सांगतंय ना, पुरे झालं."

बाईंनी पर्समधून पहिल्या पानाचं प्रूफ काढलं. पहिलाच शब्द 'मी' होता. तो त्यांनी खोडला, आणि पुढे काय लिहावं ते सुचेना.

इतक्यात शाळा सुटायची घंटा झाली. खाली अंगणात मुलांनी शाळेचं गाणं सुरू केलं, तीच जुनी चाल. बुटकी सवयीने उठून उभी राहिली. तिचे ओठ शब्दाशब्दाला बरोबर हलत होते. आवाज मात्र येत नव्हता.

"मोठ्याने म्हण गं," बाई म्हणाल्या.

"सवय नाही राहिली," बुटकी म्हणाली, आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.