सव्वातीन नंबरची पायरी

मी हेलियम बोलतोय. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं, नळीवरच्या चिठ्ठीत तसंच लिहिलंय की! लिहिलंय खरं. पण ही चिठ्ठी नवी आहे. तिच्याआधी एकतीस वर्षं माझ्या अंगावर दुसऱ्याचं नाव होतं, आणि भल्याभल्यांना ते कळलं नाही. म्हणजे दिसलं सगळ्यांना. कळलं नाही.

आमचं घराणं मोठं. माणसांना आमचा पत्ता आधी सूर्यात लागला, तोही एका पिवळ्या रेघेवरून. जमिनीवर आम्ही सापडलो नंतर. त्या रेघेचा मला फार तोरा. ती लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं.

कारखान्यातल्या कारागिराने वीतभर काचेची नळी घेतली, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. आतली हवा ओढून घेतली, मला चिमूटभर आत सोडलं आणि टोक ज्योतीवर वितळवून दार लावून टाकलं. दार कसलं, भिंतच ती! ना कडी, ना कोयंडा. आत गेलो तो गेलो.

कोंडलेल्याने करायचं काय? मी टवाळी करायचं ठरवलं. तशी खोड घराण्यातलीच. फुग्यातले माझे भाऊबंद माणसांच्या घशात शिरून त्यांचा आवाज बदकासारखा करतात, ते ऐकलं असेलच. बाकी आम्ही कुणात मिसळत नाही. संयोग नाही, सोयरीक नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी खोक्यातून आलो तेव्हा सोबत हायड्रोजनची नळी होती. खोकं उघडणारे सर तेव्हा नवे होते, डोक्यावर केस होते. त्यांनी दोन चिठ्ठ्या सुबक अक्षरात लिहिल्या. मग एका हातात चहा, दुसऱ्या हातात डिंकाची कांडी, आणि तोंडाने शिपायाला सूचना. व्हायचं ते झालं. माझ्यावर हायड्रोजन चिकटला, हायड्रोजनवर मी.

हेलियमचा प्रयोग अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून तो बिचारा खरा हायड्रोजन माझ्या नावाने कपाटात गेला, आणि दुसऱ्याच वर्षी साफसफाईत मामांच्या हातून पडला. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. सगळ्या कॉलेजचे मामा. फुटला, गेला. माझ्या नावाने मेला तो, त्याच्या नावाने मी जगायला लागलो.

माझी जागा कोपऱ्यात, काळ्या पडद्याआड. परीक्षा आली की मला दोन चिमट्यांत उभं करायचे आणि हजारो व्होल्टचा दणका द्यायचे. तुम्हाला दिला तर तुम्ही आडवे व्हाल; मी गुलाबीसर उजळतो. समोर बारीक रेघा मारलेली काच, तिच्यापुढे दुर्बिणीसारखी नळी. तिला डोळा लावला की माझा उजेड फुटून त्याच्या रंगीत रेघा होतात. त्या रेघांचे कोन मोजायचे, की झाला प्रयोग.

माझं शिक्षण मात्र अर्धवटच, पडद्याआडून ऐकलेलं. पलीकडे फळा होता. सर सांगायचे, "इलेक्ट्रॉन अणूत कोंडलेला असतो. कोंडलेल्याला वाटेल त्या उंचीवर उभं राहता येत नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. पहिली, दुसरी, तिसरी. अडीचवी पायरी नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारली, की जेवढी उंची सुटली त्या मापाच्या रंगाचा प्रकाश निघतो."

"आणि सर, मोकळा असला तर?" कुणीतरी विचारायचं.

"मोकळ्याला पायऱ्या नसतात. तो कुठेही."

हे ऐकून मला दरवर्षी नव्याने राग यायचा.

मग ते सूत्र लिहायचे. एक भागिले चार, त्यातून एक भागिले पायरीच्या नंबराचा वर्ग वजा, आणि त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचं. नंबर तीन घातला की लाल रेघ कुठे पडेल ते मिळतं, चार घातला की निळसर हिरवी, पाच घातला की जांभळी. हायड्रोजनसाठी अगदी चोख. कारण त्याच्या घरात इलेक्ट्रॉन एकच. माझ्या घरात दोन. दोघे एकमेकांना ढकलत असतात. एक काय करतो ते दुसऱ्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे माझं गणित आजवर कुणाला तंतोतंत सोडवता आलेलं नाही, अंदाजाने जवळ जायचं. सर म्हणायचे, "एकट्याचा हिशोब लागतो रे, दोघांचा संसार आला की अंदाजच." मुलं हसायची. सर घरी जाऊन हे बोलत असतील असं वाटत नाही.

आता गंमत बघा. मुलांना हायड्रोजनच्या तीन रेघा हव्या असायच्या. मी दाखवायचो सात. लाल जवळपास तीनच्या जागी, हिरवट एक जवळपास चारच्या जागी, जांभळी पाचपासून लांब, आणि मध्ये ठसठशीत पिवळी. मुलं काय करायची? लाल थोडी सरकवायची, जांभळीला कानाला धरून पाचवर आणायची, जास्तीच्या रेघा दिसल्याच नाहीत असं धरायची. उत्तर पुस्तकात छापलेलंच असायचं. मी आत हसून लोळायचो. एकतीस वर्षांत एकाने विचारलं नाही, की अरे बाबा, तू कोण?

खोटं बोललो. एकाला कळलं होतं. चौथ्या वर्षी एका दुपारी सर एकटेच आले, पडदा ओढला आणि डोळा लावला. फार वेळ लावला. मग हेलियमच्या रेघांचा तक्ता काढून मांडीवर घेतला. सगळ्या रेघा जुळल्या. त्यांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात नख घातलं, कोपरा उचलला. बाहेर टेबलावर चार वर्षांच्या जर्नलांचा ढीग होता, पानोपानी त्यांची सही. त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि अंगठ्याने कोपरा पुन्हा दाबून बसवला.

दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात सांगायला लागले, "पिवळी दिसली तर घ्यायची नाही. ती शेजारच्या टेबलावरच्या सोडियमच्या दिव्याची आहे."

तेव्हापासून आम्ही दोघे कोंडलेले. मी काचेत, ते सहीत.

मग आली टेपताई. हे नाव मुलांनी ठेवलेलं. कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची, तिथूनच धावत यायची, गळ्यात मापाची टेप तशीच. वय अडतीस. वडील आजारी पडले म्हणून शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, ते एकोणीस वर्षांनी पुन्हा धरलं होतं. सगळे पेपर सुटले. प्रात्यक्षिक दोनदा अडलं. ही शेवटची संधी. यावेळी गेली तर सुटलेले पेपरही रद्द, सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला आता तिच्याकडे वर्षं नव्हती. पदवी मिळाली तर एका शाळेत शिकवायला घ्यायचं कबूल झालं होतं.

परीक्षेत प्रयोग चिठ्ठी उचलून मिळतो. तिने उचलली, आणि आला मी.

मामांनी पडदा ओढून दिला. "ताई, नशीब काढलंत. सोपा प्रयोग. तीन रेघा घ्यायच्या, चला."

तिने डोळा लावला. "मामा, इथे सात आहेत."

"असतात. तीन घ्यायच्या."

"कुठल्या तीन ते कुणी ठरवलं?"

"पुस्तकाने!" मामा कुजबुजले. "आणि ती पिवळी सोडियमची, सोडून द्या."

"मग सोडियमचा दिवा घालवा जरा."

"अहो, पलीकडे मुलगा परीक्षा देतोय."

"एका मिनिटाने त्याचं काही बिघडत नाही. ए दादा, मिनिटभर दिवा घालवू का रे?"

दिवा गेला. मी होतो तिथेच होतो, माझी पिवळी होती तिथेच होती. टेपताईने पुन्हा डोळा लावला, मग दुर्बीण आणखी बाजूला, जिथे रेघा जास्त फाकतात तिथे नेली. तिथली माझी पिवळी बघून घेतली. दिवा पुन्हा लावायला सांगितला आणि पलीकडच्या मुलाच्या दुर्बिणीतून, त्याच्या परवानगीने, त्याची पिवळीही बघून आली. आणि मला एकतीस वर्षांत कुणी केलं नव्हतं तेवढं बारीक न्याहाळत म्हणाली, "मामा, सोडियमची शिवण दुहेरी आहे. दोन धागे शेजारी शेजारी. ही एकेरी आहे. ही त्याची नाही."

मामांनी कपाळाला हात लावला. "ताई, पास व्हायला आलात की शिवायला?"

तिने सातही रेघा लिहिल्या. सूत्र उलटं लावून प्रत्येक रेघेवरून पायरीचा नंबर काढला. पिवळीपुढे उत्तर आलं ३.२५. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने ते तसंच लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'पूर्णांक येत नाही. का ते मला माहीत नाही.'

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या. त्यांनी वही वाचली आणि चष्मा काढला. "सव्वातीन नंबरची पायरी! बाई, तुम्ही अणू मोजताय की बाही?" पडद्याबाहेर दोन-तीन जण खिदळले.

"बाही असती तर चाललं असतं, मॅडम. पायरी आहे म्हणूनच अडलेय."

"पुस्तक कधी उघडलं होतं का? हायड्रोजनला पिवळी रेघ नसते."

"उघडलं होतं. पुस्तकात नाहीये. नळीत आहे."

सर दारात उभे होते. आता डोक्यावर केस नव्हते, निवृत्तीला चार महिने होते. "सोडियमची असेल," ते म्हणाले, पण आवाज कुठूनतरी लांबून आल्यासारखा.

"नाही, सर. दिवा घालवून पाहिला. मामांना विचारा." मामा छताकडे बघायला लागले.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खोडरबर तिच्यापुढे सरकवला. "हे बघा, ही तुमची शेवटची संधी आहे, फॉर्मवर लिहिलंय. या चार ओळी खोडा, राहिलेल्या तीन जरा नीट करा, मी पास करते. नाहीतर मला नाइलाज आहे."

टेपताईने खोडरबर उचलला.

खरं सांगतो, मी तोवर मजेत होतो. तो खोडरबर उचलला गेला आणि माझी मजा संपली. ओरडावं तर माझ्याकडे सात रेघांखेरीज शब्द नाहीत. तिने ती पिवळी खोडली, की मी कायमचा दुसराच. तिने नाही खोडली, की एकोणीस वर्षांनी धरलेलं तिच्या हातून सुटणार. नळीत मी जेवढा होतो तेवढा सगळा जळत उभा राहिलो.

तिने खोडरबर परत ठेवला.

"गिऱ्हाईकं म्हणतात, कंबर दोन इंच कमी लिहा," ती हळू म्हणाली. "लिहायला काय जातं! पण कपडा बसत नाही मग. मी माप घेतलंय, मॅडम. खोडणार नाही. तुम्ही तुमचं लिहा." टेप तिने मुठीत आवळली होती.

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"थांबा." सर होते. ते आत आले आणि पडदा मागे तसाच उघडा राहिला. "माप तिचं बरोबर आहे. चिठ्ठी माझी चुकलीय. हा हायड्रोजन नाही, हेलियम आहे. मला सत्तावीस वर्षांपासून माहीत आहे."

बाहेरचं खिदळणं थांबलं. मॅडम उठल्या, डोळा लावला आणि चौथ्या वर्षीच्या त्या दुपारी सर बसले होते तेवढाच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "सव्वातीनच यायला हवं. हे सूत्रच त्याचं नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "हिला नापास करायचं तर एकतीस वर्षांत रेघा सरकवून पास झालेल्या तुमच्या सगळ्या पोरांना परत बोलवावं लागेल, सर. आणि तुम्हालाही."

त्यांनी वहीवर लाल पेनाने सही केली. 'का ते मला माहीत नाही' या ओळीखाली एक रेघ ओढली आणि शेजारी बरोबरची खूण केली.

सरांनी नख घालून चिठ्ठी काढली. त्याच कोपऱ्यातून. डिंक जुना होता, सहज निघाली.

टेपताई आता शाळेत शिकवते. तिकडे जाण्याआधी एकदा येऊन मला एक पिशवी देऊन गेली, काळ्या कापडाची, वीतभर. आतून पिवळ्या दोऱ्याची शिवण आहे. एकेरी.

हायड्रोजनची नवी नळी आली. हेलियमचा प्रयोग अजूनही अभ्यासक्रमात नाही. म्हणजे खरं नाव मिळालं आणि मी कपाटात गेलो. हसा, हसा, मीही हसलो. इथे वीज नाही, म्हणून उजेड नाही, आणि उजेड नाही म्हणून रेघाही नाहीत. जिथे तो दुसरा माझ्या नावाने पडून होता, तिथेच मी माझ्या नावाने पडून आहे.

एक गुपित मात्र राहिलं. काच तुम्हाला वाटते तेवढी घट्ट नसते. माझ्यासारखा बारीक जीव वर्षानुवर्षं तिच्यातून कण कण झिरपतो. मी निसटतोय. कुणाला पत्ता नाही. पूर्ण सुटलो, की मला ना भिंत, ना चिठ्ठी.

पण तेव्हा मी कुणाला दिसणारही नाही. म्हणून एक मागणं आहे. आत थोडा उरलोय तोवर एकदा कपाट उघडा, चिमट्यांत उभा करा, दणका द्या. आणि डोळा लावलात की जे दिसेल ते लिहा. पिवळीसुद्धा.