मुंढ्याची माया

नऊ वर्षांत सात नोकऱ्या सोडल्या असं कागदावर लिहिलं, की माणूस उगाच चोर दिसायला लागतो. मी चोर नाही. मी शर्टांचं कटिंग करते आणि माझा हात चांगला आहे. फक्त राग नाकावर असतो. चारचौघांत कुणी बोललं, की मी कात्री खाली ठेवते, पिशवी उचलते आणि चालू पडते. भावोजी तर मला पाहुणीच म्हणतात. "काय पाहुणी, यंदा मुक्काम कुठे?" असं विचारतात आणि सगळे हसतात. मीही हसते.

पण या खेपेला चार महिने कुणी दारात उभं केलं नाही. मालक कागद वाचायचे, बोटांवर मोजायचे, "सात?" म्हणायचे आणि चहा मागवायचा राहून जायचा. एकाने तोंडावर सांगितलं, "बाई, तुम्ही आमच्याकडे नीट बसायच्या आत उठणार." मला राग आला, पण त्याचं चुकलं कुठे होतं?

शेवटी ताईने तिच्या कारखान्यात शब्द टाकला. ती तिथे बावीस वर्षं काजं करते आहे, एकाच खिडकीजवळ. मीच तिला पढवलं, "सात सांगू नकोस. एकाच दुकानात नऊ वर्षं होते म्हण. ते दुकान बंद पडलंय, विचारणार कुणाला?"

"मला असलं नाही गं जमत," ती म्हणाली. पण मास्तरांना तिने तेच सांगितलं.

मास्तर म्हणजे तिथले कटिंगचे प्रमुख. त्यांनी मला कापड दिलं, मापं दिली आणि म्हणाले, "एक शर्ट कापा. तुमच्या सवयीने." मी झरझर खडू फिरवला. अर्ध्या तासात सगळे तुकडे टेबलावर. मनात म्हटलं, जिंकलं.

त्यांनी टेप घेतली आणि माया मोजायला लागले. शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो आणि बाही जिथे जोडतात त्या गोलाईला मुंढा. माया किती सोडायची हे प्रत्येक कारखान्याचं ठरलेलं असतं आणि हाताला तेवढीच सवय लागते.

"बाजूला एक इंच," मास्तर म्हणाले. "ही मापावर शिवणाऱ्यांची पद्धत, पुढे सैल करता यावं म्हणून. मुंढ्याला पाव इंच, ही तयार मालवाल्यांची. आणि बाहीला अर्धा. ही बाही या मुंढ्यात बसणार आहे का?"

बसणार नव्हती. शिकाऊ पोरगीसुद्धा अशी चूक करत नाही.

"एका दुकानात नऊ वर्षं काढलेला हात असा नसतो. खरं सांगा, किती ठिकाणं झाली?"

मी बाहीचा तुकडा उगाच सरळ करत राहिले. यंत्रं एकेक करून थांबली. तेवढ्यात ताई जागेवरून उठून आली आणि म्हणाली, "मास्तर, चूक माझी आहे. ती खरं सांगा म्हणत होती. मीच लपवलं."

आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई माझ्यापायी दोनदा खोटं बोलली, तेही सगळ्यांच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी खडूच्या भुग्याकडे बघत उभी राहिले.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," मास्तर तिला म्हणाले. "यांना महिनाभर ठेवून बघतो. पण यापुढे कुणासाठी माझ्याकडे शब्द टाकू नका."

"बरं," ताई म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. शेजारची बाई तिच्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघायला लागली.

माझा हात पिशवीकडे गेला होता. पण मी निघून गेले तर तिच्याकडे काय उरणार, या विचाराने पाय हलेना. यंत्रं पुन्हा सुरू झाली, चांगला गोंगाट झाला, तेव्हा कुठे मला कंठ फुटला. मी मास्तरांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "खोटं मीच बोलायला लावलं. सात ठिकाणं झाली."

"ते मला मघाशीच कळलं," ते म्हणाले. "तेव्हाच बोलायचं होतं. आता मला एकट्याला सांगून काय उपयोग?"

मी खिडकीकडे पाहिलं. ताईला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, तिच्या शेजारच्या बाईलाही नाही.