कामिनीबाईंची हिरवी विहीर

प्रकाशा गावात खताविषयी काही अडलं की लोक कामिनीबाईंना विचारतात, अशी निदान कामिनीबाईंची समजूत होती. शाळा दहावीत सुटली, पण मोबाइलवर बघबघून त्या इतकं शिकल्या होत्या की तापीलासुद्धा वाहायचं कसं ते समजावतील.

विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायला नवापूरची रविना आली, तेव्हा बत्तीस मळ्यांचे फॉर्म त्यांनीच भरून घेतले. "बन्सीलालभाऊ, खरं सांगा, संगणकाला थापा चालत नाहीत." स्वतःचा फॉर्म मात्र भाषणात सांगतात तसा भरला: केळीला ठिबक दोन तास, युरिया मोजून.

त्यावरून खत पाण्याबरोबर किती झिरपेल, विहिरीत किती नायट्रेट उतरेल, याचा अंदाज संगणकाने बांधला. मग खऱ्या पाण्याची तपासणी झाली. एकतीस विहिरी जुळल्या. बत्तिसावी कामिनीबाईंची: अंदाज अठरा, तपासणीत ब्याण्णव. लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर पिऊ नये.

"शेजारचं झिरपलं असेल," कामिनीबाई म्हणाल्या.

शेजारच्या, उताराखालच्या शेताच्या सिंधुबाई अंगणातच होत्या. "मन्हं वावर खाले शे. पानी चढस का व माय?"

"मग माझा नमुनाच बाद कर, रविना."

"करते. पण मग गावाच्या नकाशात तुमच्या विहिरीचा नुसता अंदाज राहील, ताई. हिरवा. म्हणजे प्यायला चांगलं."

कामिनीबाई खुशीत घरात आल्या. बाळंतपणाला आलेली लेक नूतन दोन महिन्यांच्या बाळासाठी पावडरचं दूध करत होती. "आई, आपली विहीर हिरवी ना? मग उकळलं की झालं."

उकळून नायट्रेट जात नाही आणि तान्ह्या बाळाला ते सगळ्यात वाईट, हे गावभर सांगितलं होतं कुणी? कामिनीबाईंनीच.

त्या तशाच बाहेर आल्या. "रविना, लिही. मोटारीला ऑटो लावलाय. वीज आहे तोवर पाणी चालू, आठ तास."

"आणि युरिया?"

"ह्यांच्या मुठीने. पान पिवळं दिसलं की आणखी दोन."

"काकांच्या?"

"...माझ्याच."

रविनाने आकडे बदलले. "अठ्ठ्याऐंशी! ताई, जुळलं!" पोरीला इतका आनंद झाला की कामिनीबाईंना वाटलं, आता पेढे मागते. नकाशावरची विहीर लालभडक झाली.

दारात ऐकत उभ्या नूतनने उकळलेल्या पाण्याचं पातेलं मोरीकडे नेलं.

"अगं, केळीला तरी घाल. खत आहे त्यात."

लेकीने असं काही बघितलं, की कामिनीबाईंनी पिण्याच्या पाण्याचा रिकामा जार भरून आणायला उचलला आणि गावाच्या वाटेला लागायच्या आधी मोटारीचा ऑटो बंद केला.