लाळेचा नमुना

माझा स्वभाव तापट आहे आणि माझ्या धंद्यात तो कामाला येतो. धरणगावात माझी छोटी लॅब आहे. खोकल्याचे पेशंट बेडका तपासायला येतात आणि डबीत नुसती थुंकी देऊन मोकळे होतात. मी डबी उजेडात धरते आणि परत करते. "छातीतून काढा. ही लाळ आहे, हिच्यात जंतू कुठून सापडणार?" हिलाल मुकादमाला तर मी तीनदा परत पाठवलं होतं. गावात मला थुंकीवाली मास्तरीण म्हणतात. म्हणोत बापडे.

द्रौपदाअक्कांना मात्र मी परत पाठवलं नाही.

मी नववीत असताना आई गेली. तेव्हापासून लॅबचा कोर्स पुरा होईपर्यंत शेजारच्या द्रौपदाअक्कांनी माझ्यासाठी रोज दोन भाकरी जास्त थापल्या. त्या जिनिंगमध्ये कापूस साफ करायला जातात. गेल्या हिवाळ्यात महिनाभर खोकत होत्या, म्हणून मीच म्हटलं, बेडका तपासू. सकाळी उठल्याबरोबरचा, चहाच्या आधीचा, असं बजावून डबी दिली.

दुसऱ्या दिवशी त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या. डबीत पाण्यासारखी पातळ, फेसाळ लाळ होती.

"अक्का, बेडका कुठे?"

"तो बठ्ठा घरीच खाकरी टाका, माय. तीन गुळण्या कर्‍यात, मंग हाई आणं. तू शिकेल पोर शे, प्रज्ञा. तुना हातमा घाण कसाले देऊ?"

मला आधी हसू आलं, मग भरून आलं. तपासायचं होतं तेच त्यांनी माझ्या मानासाठी मोरीत टाकून दिलं होतं. सुजलेल्या गुडघ्यांनी चालत आल्या होत्या. जिने माझी उष्टी काढली तिला समोर उभं करून 'अक्का, खोका, थुंका' म्हणायला जीभ रेटेना. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही.

मी लाळेचीच स्लाइड केली. आधी लाल रंग, ज्योतीची ऊब, मग आम्ल, शेवटी निळा. क्षयाचे जंतू असले तर निळ्यात बारीक लाल काड्या दिसतात. त्या दिसल्या नाहीत. दिसल्या त्या गालाच्या आतल्या मोठ्या, चपट्या पेशी. छातीतल्या कफात पूच्या पेशी असतात, त्यांतली एकही नव्हती. म्हणजे सूक्ष्मदर्शकानेही मला सांगून पाहिलं. रिपोर्टवर 'नमुना अयोग्य, पुन्हा द्यावा' असं लिहायला हवं होतं. मी 'निगेटिव्ह' लिहिलं. आठवड्याने पुन्हा डबी देऊ, असं मनाशी ठरवलं. मग तापाचे पेशंट वाढले आणि ते राहूनच गेलं. अक्कांचा खोकला सगळ्यांनी कापसाच्या धुळीवर ढकलला. मीसुद्धा.

चार महिन्यांनी त्यांच्या दीड वर्षाच्या नातीला, दिपमालाला, ताप आला. उलट्या झाल्या, मग झटके. जळगावच्या दवाखान्यात पाठीतून पाणी काढून तपासलं. क्षय मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. लगोलग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, आणि अक्कांच्या बेडक्यात जंतूच जंतू निघाले.

घरात असा एक रुग्ण सापडला की लहान पोरांना क्षय होऊ नये म्हणून गोळ्या सुरू करतात. गोळ्या धरणगावातच मिळत होत्या. फक्त मी खरं लिहायला हवं होतं.

मी जळगावला गेले. अक्का मास्क लावून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत सोडत नव्हते. दिपमाला वाचली होती, पण उजवा हात उचलत नव्हती. सून सासूशी चार दिवस एक शब्द बोलली नव्हती.

"तिनं काय चुकस?" अक्का म्हणाल्या. "मन्हामुळेच झायं. खोकलानी भीती वाटे, म्हणीसन मी पोरले जोडे निजाडत नई व्हतू. तुना रिपोर्ट चांगला ऊना, तवय उराशी धरं."

माझ्या रिपोर्टवर विसंबून त्यांनी नातीला पुन्हा कुशीत घेतलं होतं, पण सांगण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"अक्का, रिपोर्ट चुकीचा होता. ती लाळ होती. लाळेत काही सापडत नाही."

"मंग मनीच चूक. मीच गुळण्या करी ऊनू."

इथे गप्प बसता आलं असतं. त्या माझा दोषही आपल्या पदरात घेत होत्या, सगळ्यांचा घेतात तसा. खरं सांगते, क्षणभर मी तो घेऊ दिला. मग मलाच माझी किळस आली.

"नाही अक्का. मला तेव्हाच कळलं होतं."

"तवयच?"

"डबी हातात घेतल्याबरोबर. तुम्हाला परत पाठवायची लाज वाटली."

मला वाटलं, त्या रडतील किंवा मारतील. दोन्हीची माझी तयारी होती.

"आत जाय," त्या म्हणाल्या. "हाई मनी सूनले सांग."

सून खाटेजवळ बसून दिपमालाचा उजवा हात चोळत होती. मला पाहताच ती उठली, आपलीच खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, "बसा ना ताई. एवढ्या लांबून आलात आमच्यासाठी."

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली.