झिऱ्यांचा वाटा

एकोणीसशे छप्पनच्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला हैदराबाद राज्य नकाशावरून पुसले जाणार होते, आणि त्याआधी मांजरा नदीचे पाणी वाटायचे होते. माणसे भाषेप्रमाणे वाटली गेली होती. नदी मात्र मराठीत उगम पावून, कानडीला वळसा घालून तेलुगूत उतरत होती, आणि तिला नेमके कुठे कापावे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हैदराबाद शहरात, जामबागेतल्या एका कचेरीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये, ती नदी निजलेली होती. सिमेंटचे डोंगर, वाळूचे पात्र, तालुक्यागणिक एक पितळी तोटी. वरच्या हौदातून पाणी सोडले, की एकोणीसशे एक्क्याऐंशी साली कोण किती पिईल आणि नदीत काय उरेल, ते या प्रतिकृतीत दिसायचे. ती उभारणारा सहायक इंजिनियर श्रीपती मांजराकाठचाच. शिष्यवृत्तीवर शिकून इथवर आलेला, आणि नुकताच नागपूरहून बुद्धाची दीक्षा घेऊन परतलेला. तिन्ही बाजूंचे इंजिनियर ही प्रतिकृती पाहून वाट्यांवर सह्या करणार होते.

चाचणीच्या पहिल्या सकाळी त्याला ते दिसले तेव्हा त्याने हसून सोडून दिले. होऊ घातलेल्या धरणाखाली नदीचा एक पट्टा उन्हाळाभर कोरडा राहणार, हे हिशेबातच धरलेले होते. त्या कोरड्या वाळूत, एका वळणापाशी, बोटाच्या पेराएवढे खड्डे पडले होते. प्रत्येकाच्या तळाशी पाण्याचा एकेक थेंब, उघड्या डोळ्यासारखा.

“चूहे होंगे साब,” चौकीदार म्हणाला. “और कौन आताय इधर?”

श्रीपतीने थापीने वाळू सारखी केली. दुसऱ्या सकाळी खड्डे पुन्हा होते, अधिक खोल. त्यांच्या कडा ओल्या होत्या, जणू भरलेले भांडे उचलताना कोणाचे तरी पाणी हिंदकळले होते. तिथून सिमेंटच्या काठावर केसाएवढी एक पायवाट चढत होती. ती कोणी कोरलेली नव्हती. झिजून झालेली होती. आणि ती जिथे संपत होती तिथे प्रतिकृतीत काहीच नव्हते. गाव बरेच वर, लाल ठिपक्यात. इथे नुसता माळ.

त्या दिवशी नदीच्या शेवटी ठेवलेले घमेले पुरते भरले नाही. त्याने तोट्या तपासल्या, सांधे तपासले. गळती कुठेच नव्हती. पाणी सांडत नव्हते. कोणीतरी ते पीत होते.

संध्याकाळी तो सुलतान बाजारातली गर्दी कापत अफझलगंजला घरी आला. बायको, सखू, भाकरी थापत होती.

“गावाकडून आत्याबाईंचा निरोप आलाय,” ती म्हणाली. “येत नाही म्हणतात. हैदराबादचं नळाचं पाणी त्यांना काढ्यासारखं लागतं म्हणे.”

“मग तिकडे कुठलं अमृत पितेय आई?” त्याने सहज विचारले.

सखूचा हात परातीतच थांबला. “अहो, मुसी नदीत डोकं बुडवून आलात का? झिऱ्यातलं! सगळी वस्ती पिते तेच. नदीतली वाळू उकरून वाटीवाटीनं भरतात. तुम्हीही तेच पिऊन एवढे झालात. विहिरीवर कोण चढू देतंय आपल्याला?”

ते वळण त्याला आता ओळखू आले. गावाच्या खाली, मसणवट्याच्याही खाली, जिथे नदी काळ्या खडकाला टेकून वळते, तिथे आई त्याला बोटाला धरून न्यायची. माळावरच्या त्या वस्तीला गाव अजून महारवाडाच म्हणत होते.

गावाची तहान मोजायची तर गावच्या विहिरी मोजाव्यात, ही सुटसुटीत रीत श्रीपतीनेच काढली होती. एका विहिरीवर किती घरे भरतात ते पाहायचे आणि पुढच्या पंचवीस वर्षांची वाढ त्यात मिळवायची. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. त्या रीतीत, ज्यांना विहीर नाही त्यांना तहानही नव्हती. ज्यांच्या ओंजळीबाहेर तो शिकून पडला होता, त्यांना त्याने स्वतःच्या सुबक हाताने नदीवरून उठवले होते. आणि वर धरण झाले की झिऱ्यांखालचा ओलावाही तुटणार होता.

सकाळी तो नामदेवरावांपुढे उभा राहिला. ते मुख्य इंजिनियर. औशाकडच्या शेतकरी घराण्यातले, आता मुंबई राज्यात जायला निघालेले.

“साहेब, धरणातून बारमाही एक धार खाली सोडावी लागेल. झिऱ्यांसाठी.”

नामदेवरावांनी पानाला चुना लावता लावता सगळे ऐकून घेतले. “श्रीपतराव, तुम्ही आत्ताच बौद्ध झालात ना? आणि लगेच लिहून देताय, की पंचवीस वर्षांनीही तुमच्या माणसांना विहीर बंदच असणार? अहो, आम्ही जुन्या वळणाची माणसं. पण इतकं वाईट आम्हीसुद्धा मनात आणत नाही.”

टोमणा वर्मी बसला, कारण रात्रभर तोच विचार त्याच्या उशाशी होता. धार मागावी, तर अपमानाची खुंटी येणाऱ्या काळात स्वतःच ठोकून ठेवायची. न मागावी, तर आई कोरडी वाळू उकरत बसणार.

“मी खोटा ठरलो तर एक धार वाया जाईल, साहेब,” तो म्हणाला. “जाऊ दे. मी गावभर साखर वाटीन. पण तुम्ही खोटे ठरलात तर?”

नामदेवरावांनी विडा तोंडात टाकला. “परिषद उद्या आहे. तिघांचे वाटे कसेबसे जुळलेत. त्यात चौथं तोंड नको.”

परिषदेच्या सकाळी श्रीपती सर्वांआधी शेडमध्ये गेला. वाळू सपाट होती. एकही खड्डा नव्हता. क्षणभर त्याला हायसे वाटले, मग त्याची नजर काठावर गेली. पायवाट मोडली होती. तिच्यावर धुळीचा पातळ थर बसला होता, आणि वरच्या माळावर सोडून गेलेल्या वस्तीची शांतता होती.

इंजिनियर जमले. तीन भाषांत नमस्कार झाले, विनोद झाले. हौदातून पाणी सुटले, तोट्या एकामागून एक उघडल्या, धरण भरले. धरणाखालचा पट्टा पांढराफटक पडून राहिला. “इथे उन्हाळ्यात काही नाही,” नामदेवराव म्हणाले आणि काठीने पुढचा तालुका दाखवू लागले.

श्रीपती वाकला आणि त्याने धरणाची झडप उचलली.

सुताएवढी धार वाळूतून सरकत वळणापर्यंत आली आणि तिथे थांबली. वरून पाणी येत होते, पण पुढे जात नव्हते. सर्वांच्या डोळ्यांदेखत वाळू खचू लागली. एक खड्डा, त्याच्या शेजारी दुसरा, मग काठाने रांगच. प्रत्येकात पाणी चढे, थरथरे आणि खाली जाई. घोट ऐकू येत नव्हते. फक्त घोटांमधला श्वास ऐकू येत होता.

“झडप पाडा,” नामदेवराव हळू म्हणाले. श्रीपतीचा हात हलला नाही.

निजामाबादकडचे वयस्कर तेलुगू इंजिनियर पुढे आले. त्यांच्या वाट्याचे पाणी त्या वळणात मुरत होते. ते गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बिदरकडच्या कानडी सोबत्याला खूण केली. त्याने वाट्यांच्या कागदावर तीन नावांखाली चौथी ओळ आखली आणि लेखणी धरून थांबला.

“इनकू कित्ता होना?” म्हाताऱ्याने विचारले.

साधा प्रश्न होता. यांना किती लागेल? तालुक्यातालुक्याची तहान तोंडपाठ असलेल्या श्रीपतीजवळ याचा आकडा नव्हता. एक्क्याऐंशीची तहान तो मोजू शकला असता; पण त्या खड्ड्यांतून जे पीत होते ते एकट्या एक्क्याऐंशी सालातले नव्हते, पिढ्यानपिढ्यांचे होते. लेखणी तशीच थांबलेली होती. त्याने झडप आणखी थोडी उचलली. पाणी वळणापाशी आले, आणि तेही पिऊन झाले.