दोन्ही घरं पाहिलेला माणूस

सुलोचनाच्या, माझ्या बायकोच्या, वर्षश्राद्धाला माझ्या मुलाला, विहंगला, डलासहून येता आलं नाही. विधी मीच केले. त्याला पाहता यावं म्हणून सीमंतिनीनं, माझ्या मुलीनं, आईच्या फोटोपाशी तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. तिकडे मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. विहंग अंथरुणावर बसून पाहत होता. पिंड झाले, गुरुजी जेवून गेले, मग घरच्यांची पंगत बसली. मोबाइल तसाच राहिला. माझ्या ध्यानातही नव्हतं.

पंगतीत माझा मेहुणा मानसिंगराव होता. आमच्या या हिंदी मुलखातल्या गावी, दाल बाजारात, त्याचं दुकान आहे. त्याच्या मुलीला, अवंतिकाला, पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता, एक अमेरिकेत, एक हॉलंडमध्ये. दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं.

"दाजी, तुमचं एक पोर अमेरिकेत, एक हॉलंडात," मानसिंगराव म्हणाला. "दोन्ही घरं तुम्ही राहून पाहिलीत. तुम्ही म्हणाल तिथं धाडतो."

सुलोचना गेल्यापासून कुणी मला काही विचारलं नव्हतं. मी सरसावून बसलो.

"अमेरिकाच! विहंगचं घर बघ. आपल्या हरिशंकरपुरमची अर्धी गल्ली मावेल. दारात दोन गाड्या. आणि सीमंतिनीकडे दोन खोल्या, त्याही भाड्याच्या. जिना असा की मी बसत बसत उतरलो. पावसातही सायकलवर ऑफिसला जाते. अरे, इथल्या हजीऱ्याचा दूधवालासुद्धा आता मोटरसायकल फिरवतो."

सगळे हसले. सीमंतिनी वाढत होती. तिनं माझ्या पानात खीर वाढली आणि तीही थोडी हसली. खालचा ओठ दाबून, आईसारखी.

अवंतिका म्हणाली, "पर आतोबा, सच-सच सांगा. आत्याच्या आजारपणात ताईच होती ना इथं? इतनी छुट्टी कशी मिळाली तिला?"

साठवलेली सुट्टी होती, आणि आजारी आईसाठी म्हणून वेगळी मिळाली होती. परत गेल्यावर नोकरी जागेवर होती. त्या दिवसांत ती आईला न्हाऊ घालायची, केस विंचरायची. शेजारी विचारत, तेव्हा मी सांगायचो की तिकडे लोकांना फारसं कामच नसतं.

हे आठवलं आणि मान खाली गेली. गप्प बसायला हवं होतं. ते झाकायला मी आणखी बोललो.

"खरं आहे पोरी. अमेरिकेत नुसता पैसा. माणूस गुलाम होतो. विहंग आईला खांदा द्यायलासुद्धा आला नाही. काय करायची ती श्रीमंती!"

"बाबा," सीमंतिनी म्हणाली, "फोन चालू आहे."

पंगतीतले हात थांबले. विहंगच्या खोलीत दिवा नव्हता. तोंडावर मोबाइलचाच उजेड होता.

"आई गेली तेव्हा तिकीट काढलं होतं बाबा," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात ऑफिसात माणसं कमी करत होते. निघालो असतो तर नोकरी गेली असती, आणि तिच्याबरोबर बाळाच्या औषधपाण्याचा विमा." मग म्हणाला, "तरी यायला हवं होतं. तुमचं बरोबर आहे."

सीमंतिनीनं खिरीचं भांडं खाली ठेवलं आणि मोबाइल उचलला. "दादा, तू काही जेवलास का?" असं विचारत ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. आतून दोघांचं बोलणं हळू ऐकू येत होतं. मध्येच ती हसलीही. माझ्यावरूनच असेल.

मानसिंगरावानं खालच्या आवाजात विचारलं, "मग दाजी, कुठं धाडू?"

"तिला विचार. मला नको विचारू."

सुलोचना फोनवर दोघांनाही आधी एकच विचारायची, जेवलास का, जेवलीस का. घर केवढं, गाडी कुठली, हे मागून ओरडून विचारणारा मी.

पंगत उठली. सीमंतिनी अजून जेवली नव्हती. मी पाट मांडला, तिचं पान वाढलं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत फोन चालूच होता. दोघांपैकी आधी कुणाला हाक मारावी, ते मला कळेना.