चार नंबरचं झापड

मित्रांनो, अडगळीत पडलेला हा लाकडी फळा पाहून हसू नका. मी एक जुना टेलिफोन-बोर्ड आहे. आखाडा बाळापूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीत एकाहत्तर साली मला बसवलं, तेव्हा चक्क हार घातला होता, नारळ फोडला होता! कंपनीत प्रत्येक जागेला एक नंबर होता; कुठूनही फोन आला, की माझ्यावरचं त्या नंबरचं पितळी झापड खट्कन पडायचं. मग मला सांभाळणाऱ्या कळमनुरीच्या कालिंदीताई दोरी खोचून म्हणायच्या, "बोला." अख्खी कंपनी माझ्यातून बोलायची. मला फार मिजास होती, खोटं कशाला सांगू?

कंपनीच्या साहेबांचे दोन हुकूम होते. त्यांना विचारल्याशिवाय यंत्र थांबवायचं नाही आणि ते जेवत असताना फोन जोडायचा नाही.

चौऱ्याहत्तरच्या माघात एका दुपारी चार नंबरचं झापड पडलं. जीनघरातून जळबा बोलत होता. यंत्रावरचा जुना कामगार, भारी अदबीचा.

"ताई, साहेब जेवले का?"

"नाही हो, आत्ताच बसलेत."

"मग जेवू द्या," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. आपल्याकडे भरल्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत. काम काय होतं, ते त्यानं सांगितलं नाही अन् ताईंनीही विचारलं नाही.

यंत्राचा रूळ तापून धूर येऊन राहिला होता. थांबवायची परवानगी हवी होती त्याला. साहेबांनी हात धुतले, तोवर कापूस पेटला होता. पेटता कापूस ओढायला जळबा आत गेला, तो परत आलाच नाही.

आठ दिवसांनी त्याची बायको केशरबाई आली. शेवटचं काय बोलला, एवढंच तिला हवं होतं. ताईंनी रडत रडत सांगितलं.

"साहेबाचं इचारलं त्यानं," केशरबाई म्हणाली. "त्याचा सोताचा डबा तसाच व्हता, बाई. सकाळपून उपाशी व्हता."

जीनघर बंद झालं, चार नंबरची तार कापली. तरी, शप्पथ सांगतो, दुपारी ते झापड पडायचं. मिस्त्री दोनदा येऊन स्प्रिंग पाहून गेला. ताई मात्र दर वेळी दोरी खोचून विचारायच्या, "बोला जळबाभाऊ, काय काम होतं?" पलीकडे कुणी नसायचं. मला भीती वाटायची, लाजही वाटायची. महिन्याभरात ताईंनी नोकरी सोडली. नव्या बाईनं झापडावर कागद चिकटवला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला खुशाल भंगारात द्या. पण दारातून कुणी 'नंतर येतो' म्हणून वळलं, तर त्याला थांबवा, काय काम होतं ते विचारा. हातातला घास खाली ठेवावा लागला तरी ठेवा. ताट पुन्हा वाढता येतं.